नरक्याचा अंतेवासी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



महोत्सवी व्याख्यानमालेतील एक भाषण विज्ञानविषयक असावे असे कार्यकारिणीने ठरविले आणि ते मी द्यावे असा आग्रह धरला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. ज्या शहरात वनस्पतींचा आणि औषधांचा अभ्यास करणाऱ्या चार राष्ट्रीय संस्था नांदतात, आणि त्या संस्थांतील काही मंडळी या क्षणी दुसऱ्या रांगेत बसलेली आहेत, तेथे संस्कृत घेऊन बी. ए. झालेल्या आणि सारी हयात केंद्र सरकारच्या लेखापरीक्षणात घालविलेल्या माणसाने बुरशीवर बोलावे, हे धाडसच म्हणावयाचे. पण लेखापरीक्षकाला एक खोड जडलेली असते. कोणी मोठा दावा मांडला की तो पावती मागतो. आज असाच एक दावा आपल्यापुढे ठेवून त्याच्या पावत्या मी माझ्या कुवतीप्रमाणे तपासणार आहे.

दावा असा. सह्याद्रीच्या रानात नरक्या नावाचे झाड आहे. कर्करोगावरील एका मोलाच्या औषधाचे मूळ द्रव्य त्याच्या लाकडात असते आणि त्यापायी ते झाड तोडले जाते. परंतु त्याच झाडाच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशी स्वतंत्रपणे तेच द्रव्य तयार करते, असे आढळून आले. मग झाडावर कुऱ्हाड कशाला? बुरशी तेवढी कारखान्याच्या टाकीत वाढवावी, औषध काढून घ्यावे आणि झाड रानात सुखाने उभे राहू द्यावे. ऐकताक्षणी मन प्रसन्न व्हावे अशी ही कल्पना आहे. इतकी प्रसन्न करणारी कागदपत्रे टेबलावर आली की आमच्या खात्यातील माणूस चष्मा पुसून पुन्हा वाचावयास बसतो.

आपल्या घरांत बुरशी म्हणजे बिघाड. लोणच्याच्या बरणीत ती दिसली की आई आधी बरणीकडे आणि मग ओला चमचा घालणाऱ्याकडे पाहत असे. मराठी विश्वकोशात या साऱ्या वर्गाला ‘कवक’ असा भारदस्त शब्द योजला आहे. एके काळी कवकांची गणना वनस्पतींत होई. आता त्यांची सृष्टी स्वतंत्र मानतात, आणि नात्याने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची ठरली आहे. त्यांच्यापासून औषध मिळते ही गोष्ट मात्र आपल्या पिढीला नवी नाही. फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीतच पेनिसिलिनचा सुगावा लागला, आणि १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली तेव्हापासून हे औषध आपल्या मुलखात तयार होऊ लागले. या सभागृहातील पन्नाशी ओलांडलेली निम्मी मंडळी रात्री झोपण्यापूर्वी कोलेस्टेरॉलची गोळी घेत असतील. त्या कुळातील पहिले द्रव्य जपानच्या अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतूनच वेगळे केले.

ही झाली मातीतली, हवेतली, शिळ्या अन्नावरची बुरशी. माझा आजचा विषय जिवंत, निरोगी झाडाच्या आत, पानात, सालीत, मुळात राहणाऱ्या कवकांचा आहे. झाडाला रोग नाही, डाग नाही, वरून काही दिसत नाही, आणि आत सूक्ष्म तंतूंचा संसार चालू आहे. अशा जीवांसाठी जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ मध्ये ‘एंडोफाइट’ ही संज्ञा वापरली. मराठीत त्यांना अंतर्वासी म्हणता येईल. मला मात्र दुसराच शब्द आठवतो. गुरुगृही राहून विद्या संपादन करणाऱ्या शिष्याला आपल्याकडे ‘अंतेवासी’ म्हणत. तो शब्द मी का निवडला हे पुढे उलगडेल.

आजवर ज्या ज्या वनस्पती तपासल्या गेल्या त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीत असे अंतर्वासी सापडले आहेत. हे सहजीवन फार प्राचीन आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या अश्मीभूत वनस्पतींच्या पेशींत कवकांचे तंतू स्पष्ट दिसतात. जमिनीवर वनस्पती नुकत्याच रुजू लागल्या होत्या तेव्हाचा हा पुरावा. आपल्या युनिव्हर्सिटी रोडवरील बिरबल सहानी यांच्या नावाच्या संस्थेवरून आपण रोज जातो. दगडात गोठलेल्या वनस्पतींचा हा अभ्यास तेथे १९४९ पासून कसा चालत आला आहे, हे मुलांना दाखवावयास एकदा आवर्जून जावे.

हे अंतर्वासी ओळखतात कसे, हे मला प्रथम कळले तेव्हा त्यातील साधेपणाचे नवल वाटले. पान किंवा सालीचा तुकडा स्वच्छ धुतात, थोडा वेळ मद्यार्कात आणि कपड्यांचे डाग घालवणाऱ्या ब्लीचसारख्या द्रावणात बुडवितात आणि निर्जंतुक पाण्याने पुन्हा धुतात. बाहेरची बुरशी अशी मेली की तुकडा कापून अगार नावाच्या पोषक खळीवर ठेवतात. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून पांढरे, करडे, गुलाबी तंतू बाहेर डोकावू लागतात. आत जे दडले होते ते हेच.

झाड त्यांना आसरा आणि अन्न देते. मोबदल्यात यांतील काही कवके अशी रसायने तयार करतात की किडी आणि इतर रोगजंतू त्या झाडापासून दूर राहतात. सगळेच पाहुणे सज्जन असतात असे मात्र नाही. यजमान दुबळा झाला की काही जण उलटतात आणि रोग होऊन बसतात. रसायनांचेही तसेच आहे. कोकणातल्या वृद्ध मंडळींना हरीक ठाऊक असेल. इकडे त्यालाच कोदो म्हणतात. कधी कधी हे धान्य खाल्ल्यावर झिंग येते, चक्कर येते, हे आपले पूर्वज जाणून होते. ते कृत्य धान्याचे नसून त्यावर वाढणाऱ्या बुरशीने केलेल्या सायक्लोपियाझोनिक आम्लाचे, हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगडच्या अभयारण्यात कोदोचे पीक खाऊन १० हत्ती दगावले, तेव्हा तपासणीत हेच विष आढळले. जे रसायन हत्तीला लोळवू शकते ते योग्य हाती, योग्य मात्रेत औषधही ठरू शकेल, या आशेवर या शास्त्राची सारी धडपड चालू आहे.

आता नरक्याकडे वळू. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या टापूत वाढणारे हे मध्यम उंचीचे, साध्यासुध्या दिसण्याचे झाड. नाव असे का पडले ते फुलोऱ्याच्या दिवसांत जवळ गेले की आपोआप कळते. फुले पिवळसर पांढरी, पण दुर्गंधी. जुन्या शास्त्रज्ञांनीही ‘फिटिडा’, म्हणजे दुर्गंधीयुक्त, असेच त्याचे नामकरण केले होते. आजचे शास्त्रीय नाव नोथापोडाइटिस निम्मोनियाना. जॉन ग्रॅहम यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींची जी सूची केली आणि जी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत हे झाड निम्मो या आपल्या सहकाऱ्याच्या नावाने नोंदविलेले आहे. रानातला माणूस ज्याला नरक्या म्हणतो त्याला व्यापारी अमृता म्हणतात. हे दुसरे नाव त्याला कशामुळे लाभले, ही हकीकत अमेरिकेत सुरू होते आणि तिच्यात आपल्या खानदेशाचा एक सुपुत्र आहे.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेस गेले आणि उत्तर कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासमवेत काम करू लागले. चीनमध्ये ‘शी शू’, म्हणजे आनंदवृक्ष, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडापासून या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड वेगळे करून १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. पाचच वर्षांनी, १९७१ मध्ये, पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉल या द्रव्याची रचनाही त्यांनी उलगडली. कर्करोगाच्या उपचारातील दोन प्रमुख औषधकुळांच्या उगमाशी नंदुरबारच्या माणसाचे नाव असावे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेलेही नसावे, याचे मला वाईट वाटते. २०२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते अमेरिकेतच निवर्तले.

चीनच्या झाडातले हे द्रव्य आपल्या नरक्यातही आहे, हे दाखवून दिले मुंबईत. गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांचे तद्विषयक निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या झाडाकडे नाक दाबून पाहावे ते झाड एकाएकी मोलाचे झाले.

या द्रव्याचे कार्य मला जसे समजले तसे सांगतो. पेशीतील डीएनए म्हणजे घट्ट पीळ दिलेला दुपदरी धागा. पेशीचे विभाजन होताना हा पीळ सोडवावा लागतो. टोपोआयसोमरेज नावाचे एक एंझाइम एक पदर कापते, पीळ सैल करते आणि कापलेले टोक पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी पाचरीसारखे बसते आणि सांधणे अडवून धरते. ज्या पेशी भराभर विभागतात त्या यामुळे मरतात. कर्करोगाच्या पेशी अशाच. १९७० च्या सुमारास या द्रव्याचे प्रयोग रुग्णांवर झाले, पण दुष्परिणाम इतके तीव्र निघाले की ते थांबवावे लागले. १९८५ मध्ये वर सांगितलेली क्रिया उमगली, संशोधनाला पुन्हा जीव आला आणि मूळ द्रव्यात थोडा बदल करून सुसह्य औषधे तयार करण्यात आली. इरिनोटिकॅन हे जपानमध्ये १९९४ पासून आणि अमेरिकेत १९९६ पासून, तर टोपोटिकॅन १९९६ पासून वापरात आले.

इरिनोटिकॅन हा शब्द मी प्रथम वाचला तो कोल्हापूरला, माझ्या थोरल्या बहिणीच्या औषधाच्या चिठ्ठीवर. मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. रजा घेऊन मी तिच्यापाशी राहिलो होतो आणि सलाइनची बाटली संपेपर्यंत करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे औषधासोबतचा बारीक अक्षरांतला कागद वाचीत बसे. हे द्रव्य ज्या झाडात सापडते ते झाड आमच्या आजोळच्या डोंगरात, आंबोलीच्या वाटेवर, उभे असते, हे मला पुढे कळले. ताईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे औषध घरचंच की!” त्या औषधाने तिला वर्षभराचा काळ दिला. त्या काळात तिने नातीचे बारसे केले. एखाद्या औषधाचे मोल मी तेव्हापासून निराळ्या पद्धतीने मोजतो, आणि म्हणूनच झाड वाचवावयाचे म्हणजे औषध सोडून द्यावयाचे, असा सोपा उपदेश मला करता येत नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वाळलेल्या लाकडात या द्रव्याचे प्रमाण शेकडा एक भागाहूनही कमी. मुळांत ते खोडापेक्षा अधिक, त्यामुळे लोभी माणूस झाड तोडून थांबत नाही, मुळासकट उपटतो. वास्तविक नरक्याच्या खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात. मूळच उपटले तर फुटणार कोठून? सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडील वृत्तपत्रांत नरक्याची चोरटी वाहतूक पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. मजुराच्या हाती दिवसाची मजुरी पडते, ट्रक घाट उतरतो, आणि डोंगरातले एक झाड कमी होते.

अशा वेळी २००५ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील आणि जर्मनीतील डॉर्टमुंडच्या शास्त्रज्ञांनी संयुक्तपणे एक निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम किनाऱ्याच्या प्रदेशात वाढलेल्या नरक्याच्या आतल्या सालीतून त्यांनी एक कवक वेगळे केले होते. बशीत आणि पात्रात, झाडापासून दूर वाढविल्यावरही त्या कवकाने कॅम्प्टोथेसिन तयार केले. शिष्य गुरूची विद्या शिकला होता. ‘अंतेवासी’ हा शब्द मला सुचला तो येथे.

येथवर पावत्या जुळतात. मात्र मिळालेले द्रव्य अत्यल्प होते. प्रारंभ अल्पच असावयाचा. फ्लेमिंग यांच्या बशीतले पेनिसिलिनही अल्पच होते. खरी अडचण निराळी निघाली.

प्रयोगशाळेत कवक जिवंत ठेवावयाचे तर ठरावीक काळाने त्याचा अंश जुन्या बशीतून नव्या बशीत न्यावा लागतो. आपल्या नोकरीच्या भाषेत बदलीच म्हणा. अशा प्रत्येक बदलीनंतर त्या कवकाचे औषध करण्याचे सामर्थ्य घटत जाते, असे ठिकठिकाणच्या संशोधकांना आढळू लागले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातील उमा शंकर यांच्या गटाने नरक्यातील कवकांविषयी २०१० मध्ये हेच नोंदविले. कवक मरत नाही, उलट ते छान फोफावते, तंतूंचे वजन वाढते. औषध तेवढे कमी होते. डॉर्टमुंडच्या सौविक कुसारी आणि मिखाएल श्पिटेलर यांनी चीनच्या आनंदवृक्षातील एका कवकाचा असाच माग काढला. सातव्या पिढीपर्यंत औषध करण्याची त्याची क्षमता पार क्षीण झालेली होती.

समोरच्या काही चेहऱ्यांवर हसू दिसते आहे. सात बदल्यांचा हिशेब अनेकांनी मनात केलेला दिसतो, आणि घरातल्या नातवंडांच्या मराठीचाही. मी त्या वाटेला जाणार नाही. कवकाची गोष्ट कवकाचीच राहू द्यावी. तीच पुरेशी चमत्कारिक आहे.

कारण पुढचा प्रश्न असा होता की ही विद्या नष्ट झाली, की नुसती झोपी गेली? जर्मन गटाने क्षीण झालेले ते कवक पुन्हा जिवंत आनंदवृक्षात सोडले, त्याला तेथे नांदू दिले आणि मग बाहेर काढून पाहिले. २०११ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. कवक झाडात पूर्ववत रमले, पण औषध करण्याची शक्ती परतली नाही. त्याच्या संबंधित जनुकांतच पिढ्यान्‌पिढ्या बिघाड साचत गेला होता. बंगळूरला नरक्याच्या कवकावर झालेल्या प्रयोगाची कथा वेगळी. तेथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविले की क्षीण झालेले कवक पुन्हा नरक्याच्या झाडात टोचून परत मिळविले की त्याची शक्ती बऱ्याच अंशी सुधारते. एवढेच नव्हे, तर जनुकांवर बसलेली रासायनिक कुलपे उघडणारे एक द्रव्य वापरूनही ती जागी करता येते. म्हणजे तेथे जनुके शाबूत होती, फक्त बंद पडली होती. एका ठिकाणी हरवलेले आणि दुसऱ्या ठिकाणी निजलेले. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी विश्वसनीय आहेत, आणि दोन कवके भिन्न, दोन झाडे भिन्न, हे लक्षात घेतले तर त्यांत विसंगतीही नाही.

जर्मन गटाच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली तीच आहे. औषध घडण्याच्या क्रियेत अनेक पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला एक एंझाइम लागते. त्या कवकापाशी आरंभीच्या काही पायऱ्यांची एंझाइमे स्वतःची होती. पण स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज हे मधल्या पायरीचे एंझाइम त्याच्यापाशी नव्हतेच. ते यजमान झाडाचे. कवकाने अर्धा स्वयंपाक करावा आणि फोडणीला झाडाची कढई वापरावी, असा हा मामला. मग औषधाचा कर्ता कोण? झाड की कवक? ही विद्या कवकाने दीर्घ सहवासात झाडापासून जनुकरूपाने उचलली असावी असे काही शास्त्रज्ञ मानतात, पण ते सिद्ध झालेले नाही. सिद्ध आहे ते इतकेच की एवढे जहाल विष जवळ बाळगणाऱ्यांनी स्वतःचा बंदोबस्त करून ठेवला आहे. ज्या एंझाइमवर कॅम्प्टोथेसिन पाचर मारते त्या एंझाइमच्या रचनेत झाडानेही आणि कवकानेही मोक्याच्या जागी बदल करून घेतले आहेत. विषाची किल्ली त्यांच्या घरच्या कुलपाला लागत नाही.

टॅक्सॉलच्या बाबतीत तर दाव्याची याहून कठोर छाननी झाली. पॅसिफिक यू वृक्षातील एक कवक टॅक्सॉल तयार करते, असे अमेरिकेतील माँटाना येथील अँड्रिया व डोनाल्ड स्टीर्ल आणि गॅरी स्ट्रोबेल यांनी १९९३ मध्ये जाहीर केले तेव्हा जगभर खळबळ उडाली. अँड्रियाबाईंच्या नावावरूनच त्या कवकाचे नाव टॅक्सोमायसिस आंद्रियानी ठेवण्यात आले. त्यानंतर अक्षरशः शेकडो कवकांविषयी असे दावे झाले. २०१३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी मूळ कवकाची जनुके तपासली, तेव्हा ते स्वतंत्रपणे टॅक्सॉल घडविते याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आज जगात टॅक्सॉल मिळते ते मुख्यत्वे यू वृक्षाच्या पानांतील द्रव्यावर प्रक्रिया करून किंवा त्या वृक्षाच्याच पेशी टाकीत वाढवून. कुमाऊँ-गढवालकडे ज्याला थुनेर म्हणतात तो याच वृक्षाचा हिमालयीन भाऊबंद. २००० पर्यंत तो मुलूख आपल्या याच उत्तर प्रदेशात होता. थुनेरवरही कुऱ्हाड चालली आहेच.

तेव्हा माझा लेखापरीक्षणाचा शेरा असा राहील : दावा सत्य, परंतु अपूर्ण. नरक्यातील अंतर्वासी औषध करू शकतो. झाडापासून तोडल्यावर किती काळ करील याची हमी नाही. आणि त्याच्या आधारावर कॅम्प्टोथेसिनचा कारखाना अद्याप कोठेही उभा राहिलेला नाही. औषधासाठी लागणारे मूळ द्रव्य आजही चीनचा आनंदवृक्ष आणि आपला नरक्या यांपासूनच प्रामुख्याने येते. बुरशीची सोय होणार म्हणून रानाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे मंजूर न झालेल्या रकमेवर खर्च टाकण्यासारखे आहे. शिवाय रान गेले तर कवकही गेले. बंगळूरच्या प्रयोगात निजलेले कवक जागे झाले ते नरक्याच्या झाडात; ते झाडच नसते तर टोचले कोठे असते?

या निराशेत लखनौने काय केले हे सांगितल्यावाचून मला येथून उतरता येणार नाही. आपल्या अंगणातली सदाफुली, जिला इकडे सदाबहार म्हणतात, तिच्यापासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिनक्रिस्टिन अजूनही आधारभूत आहे. पानांत त्यांचे प्रमाण फारच तोकडे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील आशुतोष कुमार आणि अबसार अहमद यांनी सदाफुलीतील एक कवक ही दोन्ही द्रव्ये करते असे २०१३ मध्ये दाखविले. तो मार्ग नरक्याच्या मार्गासारखाच. कुकरैलजवळच्या आपल्या सीमॅप संस्थेतील संशोधकांनी मात्र उलट दिशेने विचार केला. कवकाला झाडाबाहेर काढून त्याच्याकडून काम करवून घेण्याऐवजी त्यांनी निवडक कवके सदाफुलीच्या रोपांतच सोडली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार अशा रोपांत व्हिंडोलिन, म्हणजे त्या औषधांच्या दोन घटकांपैकी दुर्मीळ असलेला घटक, दुपटीहून अधिक झाला. कवकाने स्वतः औषध केले नाही. त्याच्या सहवासाने रोपातील संबंधित जनुके अधिक जोमाने काम करू लागली. पाहुण्याला पळवून नेण्यापेक्षा त्याला घरात ठेवून घरधन्याचा उत्साह वाढवावा, हा विचार मला अधिक शहाणपणाचा वाटतो. नरक्याच्या लागवडीतही तसे काही साधले, तर चोरट्या तोडीवर त्याचा परिणाम झाल्यावाचून राहणार नाही.

कवके जपून ठेवण्याचे कामही आपल्याकडे चालते आणि त्याचे केंद्र पुण्यात आहे. आघारकर संशोधन संस्थेत देशातील कवकांचा राष्ट्रीय संग्रह जतन केलेला आहे. ज्यांचे नाव त्या संस्थेला आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. उमेदीची सारी वर्षे त्यांनी कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून घालविली आणि १९४६ मध्ये पुण्यास येऊन ही संस्था उभी केली. परमुलखात नोकरी करून निवृत्तीनंतर काय करावे, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत अधूनमधून निघतो म्हणून आठवण दिली.

उन्हाळ्याच्या सुटीत आपण गावी जातो ते आंबे-फणसांच्या दिवसांत. एखाद्या वर्षी पावसाळ्यात जाणे झाले तर आंबोलीच्या किंवा राधानगरीच्या रानात स्थानिक माणसाला बरोबर घेऊन नरक्या पाहून यावा. फळे पिकली की जांभळी होतात. झाड दिसण्याआधी बहुधा वासच येईल.

सदाफुलीविषयी कोणाला प्रश्न विचारावयाचे असल्यास ते दुसऱ्या रांगेतील मंडळींना विचारावेत. माझ्या पावत्या येथे संपल्या.